उपग्रहाचे चित्र आणि वनजमिनीचा दावा



खानदेशातील जमिनीचा लढा नवा नाही. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळविण्याचा प्रश्न तिच्यापुढे होता. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. त्या काळी आदिवासीच्या विरोधात उभा राहणारा पुरावा कागदाचा असे: गहाणखत, कर्जरोखा, सातबाऱ्याचा उतारा. आज वनजमिनीच्या दाव्यांत त्या कागदाच्या जोडीला उपग्रहाने टिपलेले चित्र येऊन बसले आहे. कागद खोटा आहे असे म्हणण्याचे धैर्य लोकांनी संघटनेच्या बळावर मिळविले. यंत्राने काढलेल्या चित्रासमोर मात्र दावेदारच नव्हे, तर कार्यकर्तेही गप्प होतात. म्हणून हे चित्र काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर या तालुक्यांच्या सातपुड्याकडील पट्ट्यात, तसेच साक्रीच्या पश्चिम भागात, पावरा, भिल्ल, तडवी, कोकणा आदी समाजांची हजारो कुटुंबे दप्तरी वन म्हणून नोंदलेली जमीन कसत आली आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कब्जात असलेली व आदिवासी कुटुंब स्वतः कसत असलेली जमीन, कमाल ४ हेक्टरपर्यंत, त्याच्या हक्काची म्हणून मान्य केली. सारा वाद त्या एका तारखेभोवती फिरतो. त्या दिवशी तेथे शेत होते की रान होते, याचा निवाडा उपग्रहाने करावा, असा शासनयंत्रणेचा कल असतो.

या शास्त्राची थोरवी निर्विवाद आहे. १९७२ साली अमेरिकेने पहिला लँडसॅट सोडला. भारतात १९८१ साली भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली आणि १९८७ साली तिने उपग्रह-चित्रांच्या आधारे वनस्थितीचा पहिला अहवाल काढला. मार्च १९८८ मध्ये आपला आयआरएस-१ए अवकाशात गेला आणि त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. तत्त्व सोपे आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंच्या प्रमाणावरून उपग्रह पाने ओळखतो. परंतु ती पाने कोणाच्या कष्टाची, हे त्याला कळत नाही.

पहिली मर्यादा मोजमापाची. वन सर्वेक्षणाच्या नकाशांसाठी दीर्घकाळ वापरलेल्या लिस-३ या संवेदकाचा एक ठिपका जमिनीवर २३.५ मीटर लांब व तितकाच रुंद असतो. म्हणजे एक एकराचे शेत त्यात जेमतेम ७ ठिपक्यांचे, आणि त्यांतील बहुतेक ठिपके बांधावरचे, अर्धे शेत व अर्धे रान असे मिसळलेले. शिवाय त्या नकाशांत १ हेक्टर हेच लघुतम मोजमाप आहे. लिस-४ या संवेदकाचा ठिपका ५.८ मीटरचा, त्यात तेच शेत सुमारे १२० ठिपक्यांचे दिसते. तेव्हा चित्र कोणत्या संवेदकाचे, यावर एखाद्या कुटुंबाचे शेत अस्तित्वात असणे वा नसणे अवलंबून राहते.

दुसरी मर्यादा ऋतूची. ज्वारी, मका, कापूस ही कोरडवाहू पिके पावसाळ्यात वाढतात, आणि नेमके तेव्हाच आकाश ढगांनी झाकलेले असते. उन्हाळ्यात पीक निघून गेलेले असते. सातपुड्याचे रान पानगळीचे. साग, सालई तेव्हा निष्पर्ण उभे असतात. वरून पाहता उघडे शेत आणि उघडे रान यांत भेद करणे कठीण होते. उलट ज्या शेतात मोहाची झाडे राखली आहेत, ते विरळ वनासारखे दिसू शकते. झाड न तोडणाऱ्यालाच त्याची शिक्षा व्हावी, हा कसला न्याय?

तिसरी गोष्ट व्याख्येची. १ हेक्टरहून मोठ्या जागेवर झाडांचे छत्र १० टक्क्यांहून अधिक असेल, तर मालकी कोणाचीही असो, वन सर्वेक्षण तिला वनाच्छादन म्हणते. फळबागाही त्यात येतात. वनालगतचा ऊस व कापूस यांमुळे वनाची सीमा आखणे अवघड जाते, असे ती संस्थाच सांगते. कापूस हे तर खानदेशाचे मुख्य पीक! वनाच्छादन ही दृश्य वस्तुस्थिती आहे, वनजमीन ही कायदेशीर नोंद आहे, आणि वहिवाट हा मानवी इतिहास आहे. या तीन गोष्टी एकच समजणे ही शास्त्राची नव्हे, प्रशासनाची चूक होय.

कायद्याने ही चूक आधीच ओळखली आहे. २००८ च्या नियमांत उपग्रह-चित्राबरोबर शासकीय दप्तरे, वृद्धांचे लेखी जबाब, घर, बांध, सपाटीकरण अशा खुणा यांनाही पुराव्याचे स्थान आहे, आणि एकाहून अधिक पुरावे विचारात घेणे बंधनकारक आहे. २०१२ च्या दुरुस्तीने चित्र हे इतर पुराव्यांना पूरक आहे, पर्याय नाही, असे स्पष्ट केले. २०१३ साली गुजरात उच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. तरीही टांगती तलवार गेलेली नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटविण्याचे आदेश दिले आणि वन सर्वेक्षणाला उपग्रहाद्वारे अतिक्रमणांची पाहणी करण्यास सांगितले; २८ फेब्रुवारीला हटविण्याच्या आदेशास स्थगिती मिळाली.

म्हणून कार्यकर्त्यांचे काम ठरलेले आहे. चित्राच्या आधारे दावा फेटाळला गेला, तर चार प्रश्न लेखी विचारावेत: उपग्रह व संवेदक कोणता, चित्र कोणत्या तारखेचे, ठिपका किती मीटरचा, आणि ग्रामसभेसमक्ष जागेवर पडताळणी कोणी केली? नकाशे ग्रामसभेला पुरविणे हे उपविभागीय समितीचे कर्तव्य आहे, आणि निर्णयाविरुद्ध दाद मागण्यास ६० दिवस असतात. ही मुदत दावेदाराला माहीत नसते. ती सांगणारा कोणी तरी पाड्यावर गेला पाहिजे.

मात्र विज्ञानाकडे पाठ फिरविणे हा उपाय नव्हे. अक्कलकुव्याला लागून असलेल्या गुजरातच्या डेडियापाडा-सागबारा भागात गावकऱ्यांनी स्वतः जीपीएस यंत्राने शेते मोजून ती उपग्रह-चित्रांवर बसविली आणि नाकारलेली वहिवाट दाखवून दिली. लँडसॅटची जुनी चित्रे २००८ पासून विनामूल्य उपलब्ध आहेत. आपल्या उपग्रहांचा खर्च तर जनतेनेच सोसला आहे. शिरपूरच्या शेतमजुराने काडेपेटी घेताना भरलेला करही त्यात आहे. ज्या चित्रावरून त्याची जमीन ठरणार, ते त्याच्या ग्रामसभेच्या भिंतीवर लागले पाहिजे, त्याला समजेल अशा भाषेत त्याचा अर्थ सांगितला गेला पाहिजे, आणि तो अर्थ चुकीचा असल्यास तसे म्हणण्याचा त्याचा अधिकार दप्तरात नोंदला गेला पाहिजे. या मागणीसाठी तालुक्या-तालुक्यांत संघटित प्रयत्न व्हावेत.