बरे झाल्यानंतरचे आजारपण

(दादर येथील शिवाजी पार्कजवळ सरपंच, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या सभेत केलेले भाषण)



ज्या मैदानाशेजारी आपण जमलो आहोत, त्याच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी किलोमीटरभराहून थोडी अधिक भरते. माझ्या परिचयाचे एक शिक्षक रोज सकाळी अशा चार फेऱ्या घालीत. एप्रिल २०२१ मध्ये त्यांना कोविड झाला. रुग्णालयात जावे लागले नाही. दोन आठवड्यांत ताप ओसरला. पुढे मात्र अर्ध्या फेरीतच त्यांना कट्ट्यावर बसावे लागे. ऑक्टोबरमध्ये शाळा उघडल्या, तरी जिना चढताना धाप लागे, शिकविताना शब्द आठवत नसे. तपासण्यांत काही निघेना. शाळेत कुजबुज सुरू झाली, की मास्तर कामचुकारपणा करतात.

साथीच्या काळात आम्ही रोज सायंकाळी आकडे प्रसिद्धीस देत असू. ‘बरे होऊन घरी गेले’ हा त्यातील दिलाशाचा रकाना. महाराष्ट्रात नोंदलेल्या रुग्णांची संख्या ८० लाखांवर गेली आणि त्यांतील बहुसंख्य याच रकान्यात आले. घरी गेल्यावर त्यांचे कसे चालले आहे, हे त्या तक्त्यावरून कळत नसे.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या अवस्थेची व्याख्या केली. संसर्गानंतर साधारणतः तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही रोगाने उलगडा न होणारी लक्षणे, असे तिचे स्वरूप आहे. थकवा, धाप, विस्मरण ही त्यांतील नेहमीची.

हे किती जणांना होते? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ३१ रुग्णालयांतून घरी गेलेल्या रुग्णांची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. चार ते आठ आठवड्यांनंतर त्यांतील शंभरांपैकी सुमारे १७ जणांना त्रास होत होता. हे सर्व रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण होते, हे ध्यानात ठेवावयास हवे. नेदरलँड्समधील २०२२ च्या पाहणीत संसर्ग झालेल्यांपैकी शेकडा २१ जणांना अशी लक्षणे आढळली. पण संसर्ग न झालेल्यांतही ती शेकडा नऊ जणांना होती. म्हणजे कोविडच्या खात्यावर आठांपैकी एकच रुग्ण मांडता येतो. सौम्य रुग्णही मोजले, तर प्रमाण आणखी उतरते. जागतिक आरोग्य संघटनेचा अलीकडचा अंदाज शंभरांत सुमारे सहा असा आहे. बहुतेकांना कालांतराने आराम पडतो, काहींना मात्र वर्षे लागतात.

शंभरांत सहा हा आकडा लहान वाटेल. पण ज्या गावात हजार जणांना संसर्ग झाला, तेथे या हिशेबाने साठ घरांत ही अडचण येऊन गेली असेल.

आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. पहिली, प्रत्येक थकवा कोविडच्या माथी मारू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. रक्तक्षय, मधुमेह व थायरॉइडचीही खात्री करावी. दुसरी, अहवालात काही दिसत नाही एवढ्यावरून माणसाला खोटे ठरवू नये.

त्या शिक्षकांचे वर्ग मुख्याध्यापकांनी तळमजल्यावर आणले आणि लागोपाठचे तास तोडून दिले. त्यासाठी कोणताही खर्च आला नाही. मास्तर आज दोन फेऱ्या घालतात, आणि त्यांचा एकही वर्ग बुडालेला नाही.