टीपॉयवर जागा आहे का?

पाणी पिताय ना? हे मी उगाच विचारत नाहीये, आजचा भाग त्याबद्दलच आहे. म्हणजे खरं तर तो हॉलमधल्या टीपॉयबद्दल आहे. उन्हाळ्यात कॉफी टेबल कसं सजवायचं यावर बोलीन असं मी मार्चमध्ये म्हटलं होतं. तेव्हा माझ्याकडे छान यादी तयार होती. ती यादी मी आता फेकून दिलीये. का, ते सांगते.

आधी एक चूक कबूल करते. ‘टीपॉय’मधला ‘टी’ म्हणजे चहा, असं मला बीटेक होऊन नोकरीला पाच वर्षं झाली तरी वाटत होतं. तसं नाहीये. मूळ शब्द तिपाई, म्हणजे तीन पायांची. आपली तिवई असते ना, तिचीच बहीण. इंग्रजांनी तो शब्द उचलला, त्यांना त्यात चहा ऐकू आला, त्यांनी स्पेलिंग तसं केलं आणि आपण तो त्यांच्याकडून परत घेतला. म्हणजे आपलीच वस्तू इम्पोर्ट होऊन आली. माझ्या टीपॉयला चार पाय आहेत, ते सोडा.

तर हा टीपॉय. शिसवी, वर मेलामाईन पॉलिश, अकरा हजारांचा, माझ्या पगारातून घेतलेली पहिली ‘गरज नसलेली’ वस्तू. वाकडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बाकी सगळं मालकाचं, हा एकटा माझा. मार्चमध्ये मी रात्री बसून वीस-पंचवीस व्हिडिओ पाहिले. सगळ्यांत तेच होतं. ट्रे घ्या, वस्तू तीनच्या गटात मांडा, उंची कमी-जास्त ठेवा, दोन जाडी पुस्तकं आडवी, वर शिंपला किंवा पांढरं प्रवाळ, काचेच्या बाऊलमध्ये पिवळीधमक लिंबं, शेजारी जाड मेणबत्त्या. मी सगळं केलं. साडेतीन हजार गेले. फोटो टाकला, लाइक्स आले, मी खूश.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मेणबत्त्या वाकल्या. हॉलची खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी तीनला ऊन थेट टीपॉयवर. ऑफिसमधून आले तर सर्वांत उंच मेणबत्ती कमरेत वाकून बाकीच्या दोघींना नमस्कार करत होती. लिंबांचं म्हणाल तर उन्हाळ्यात लिंबू शोभेला ठेवणं ही श्रीमंती आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये लिंबं काय भावाने विकली गेली ते आठवतंय ना? त्या बाऊलमधली सगळी लिंबं मी चार दिवसांत सरबतात घालून संपवली.

पण ही गंमत झाली. खरी गोष्ट पुढे आहे.

आई-बाबा अकोल्याला असतात. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. अकोल्यात मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री म्हणजे बातमीसुद्धा होत नाही. बाबांचा गुडघा दुखतो, बीपी आहे, म्हणून या वर्षी मी हट्टाने दोघांना एप्रिलमध्येच पुण्याला आणलं. आल्या आल्या बाबा सोफ्यावर बसले. आईने स्टीलच्या पेल्यात फ्रिजचं पाणी दिलं. बाबांनी दोन घोट घेतले आणि पेला टीपॉयवर ठेवला. आणि मी, मंडळी, मी तो पेला लगेच उचलला. “बाबा, कोस्टर!” असं म्हणाले. हसतच म्हणाले. फडक्याने पुसलं, खाली कोस्टर ठेवला, पेला परत ठेवला. एवढंच. पाच सेकंद.

पुढचे आठ-दहा दिवस मी कामात होते. रिलीज होती, रात्री अकरापर्यंत कॉल. एका दुपारी आईचा फोन, बाबांना उठताना चक्कर आली, भिंत धरून बसले. मी धावत घरी. डॉक्टरांनी बीपी झोपवून घेतलं, मग उभं करून घेतलं. उभं राहिल्यावर चांगलंच खाली येत होतं. गोळ्यांची चिठ्ठी पाहिली, त्यात एक लघवी वाढवणारी गोळी. डॉक्टरांनी विचारलं, “काका, दिवसाला पाणी किती पिता?” बाबा म्हणाले, “पितो न.” किती, ते काही सांगेनात. आई म्हणाली, “अकोल्यात उशाशी तांब्या असते, येता-जाता पितात. इथं मागत नाहीत.”

गोळी बदलली, पाण्याचं प्रमाण लिहून दिलं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. रात्री मी पाणी प्यायला उठले तर सोफ्याच्या पायाशी, फरशीवर, भिंतीला चिकटून बाबांचा पेला. रिकामा. मी म्हटलं, “बाबा, हा खाली का ठेवलाय? गुडघा दुखतो, वाकता कशाला?” ते म्हणाले, “तुह्या त्या टीपॉयवर डाग पडन. महागाचा हाय.” मग जरा थांबून, “आन् जागा कुठं हाय त्याच्यावर? ते समुद्रातलं काय काय ठेवलं न तू.”

मी काही बोलले नाही. आत जाऊन पडले आणि झोप आली नाही.

आमच्या कामात याला सरळ भाषेत म्हणतात, स्क्रीन देखणी केली आणि वापरणाऱ्याला विचारलंच नाही. पण कोड असता तर रात्रीत पॅच टाकला असता. इथे माझे बाबा माझ्याच घरात दहा दिवस पाहुण्यासारखे वागत होते, तहान लागली तरी.

त्या रात्री विचार करताना एक गोष्ट डोक्यात बसली. ते सगळे व्हिडिओ कुठले होते? इंग्लंड, अमेरिका, त्या बाजूचे. तिथे सहा महिने थंडी आणि काळोख, म्हणून उन्हाळा म्हणजे सण. ते लोक ऊन घरात आणतात. पिवळं लिंबू म्हणजे ऊन, निळा ट्रे म्हणजे समुद्र, शिंपला म्हणजे सुट्टी. आपला उन्हाळा उलटा. आमच्या अकोल्यात सकाळी अकराला खिडक्या बंद, कूलरला वाळ्याची ताटी, दारावर ओलं पोतं. आपण ऊन घराबाहेर ठेवतो. मग त्यांची सजावट आपल्या टीपॉयवर कशी लागू पडेल?

दुसऱ्या दिवशी शनिवार. सगळं उचललं. प्रवाळ, पुस्तकं, ट्रे, सगळं खोक्यात. टीपॉय नुसता मोकळा ठेवला आणि खरं सांगते, तेवढ्यानेच हॉल गार वाटला. थर्मामीटरवर नाही, डोळ्यांना. उन्हाळ्यात रिकामी जागा हीच अर्धी सजावट आहे, हे माझं आता ठाम मत.

मग टीपॉय सरकवला. तज्ज्ञ म्हणतात सोफ्यापासून चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर. बाबांना टेकून बसल्यावर हात पुढे करून पेला घेता आला पाहिजे, पण उठताना गुडघा आपटायला नको. म्हणून सरळ समोर न ठेवता त्यांच्या उजव्या हाताला तिरका केला. फोटोत वाकडा दिसतो. दिसू दे.

नंतर पाणी. इथे मी आणखी एक माती खाल्ली, अक्षरशः. ऑनलाइन एक छोटा माठ मागवला, पांढरा, गुळगुळीत, वर वारली चित्रं, फार गोड. दोन दिवस पाणी कोमटच. बाबांनी तो उचलला, बोट फिरवलं, म्हणाले, “याले तर ऑइल पेंट मारला.” बस्स. माठ गार करतो तो पाझरून. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी उडायला साधारण ५८० कॅलरी लागतात, ती बऱ्यापैकी आतल्या पाण्यातून जाते. रंगाने छिद्रं बुजवली की माठ म्हणजे नुसती बाटली. बीटेकच्या पहिल्या वर्षाला हे मी पाठ करून लिहिलं होतं, आणि वर्कशॉपमधला माणूस बोटाने सांगतोय.

मग बाबांना घेऊन कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात गेलो. तीन लिटरची, बिनरंगाची, तोटी नसलेली सुरई घेतली. तुम्ही घेणार असाल तर नखाने टिचकी मारून बघा, खणखणीत वाजली पाहिजे. भद्द वाजली तर कुठेतरी चीर असते. घरी आणून एक दिवस पाण्यात बुडवून ठेवायची, पहिली दोन-तीन पाणी झाडांना. आतून साबण लावायचा नाही, माती तो पिते आणि मग महिनाभर पाण्याला वास. आणि खाली खोलगट ताटली हवीच, कारण ती पाझरणार, तेच तर तिचं काम. पंख्याचा वारा लागेल अशी ठेवा. अकोल्याच्या कोरड्या हवेत माठ जास्त चांगला चालतो. पुण्यात मेच्या शेवटी हवा दमट झाली की तेवढा गार होत नाही, मग माठाला दोष देऊ नका.

सुरईत वाळा. हा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, गवताची मुळं असतात. धुवायचा, दोऱ्याने छोटी जुडी बांधायची, पाण्यात सोडायची. तीन-चार दिवसांनी काढून उन्हात वाळवायचा, परत वापरायचा. वास फार नाही येत, पहिल्या पावसाआधी येतो तसा, जरासा. शंभर रुपयांच्या वाळ्याने जे केलं ते माझ्या सहाशेच्या सुगंधी मेणबत्तीने नव्हतं केलं.

सुरईखाली आईचा क्रोशाचा रुमाल. हो, तोच. प्रत्येकाच्या घरी टीव्हीवर असायचा तो. मी पुण्याला येताना आईने बॅगेत टाकला होता, मी कपाटात तळाशी दाबून ठेवला होता, कोणी बघू नये म्हणून. आता बाहेर काढला. पांढरा सुती, पाणी टिपतो, धुतला की तासाभरात वाळतो. यापेक्षा चांगला कोस्टर अजून कोणी बनवलेला मला माहीत नाही.

फुलं म्हणाल तर मोगरा, दुसरं काही नाही. संध्याकाळी मंडईजवळून कळ्या आणायच्या, उमललेली फुलं नकोत. पसरट वाटीत पाणी घालून त्यात सोडायच्या, दिवे लागेपर्यंत उमलायला लागतात आणि वास रात्री चढतो. सकाळी पाणी ओतून वाटी घासायची. हे आळस न करता करा हं. साठलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो. ते शोभेचे बाऊल आठवडा आठवडा तसेच ठेवतात ना लोक, त्यांच्यासाठी सांगतेय.

मोगरा ठेवताना आई एकदम म्हणाली, “हे तर चैत्रगौरीसारखं दिसते.” आणि मला आमच्या गल्लीतलं हळदीकुंकू आठवलं. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते, अक्षय्य तृतीयेपर्यंत. तेवढ्या दिवसांत बायका पायऱ्या पायऱ्यांची आरास करायच्या. कमळासारखं कापलेलं कलिंगड, कैऱ्या, मोगऱ्याचे गजरे. आंब्याची डाळ आणि पन्हं हातात. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी. उंची कमी-जास्त, रंग मोजके, सगळं ऋतूतलं, आणि शेवटी सगळं खाऊन टाकायचं. आता सांगा, समर स्टायलिंग वेगळं काय असतं? मी लहानपणी डाळीसाठी त्या आरासीसमोर ताटकळत बसायचे आणि मोठी होऊन इंग्रजी व्हिडिओ बघून शिंपले आणले.

तर आता माझ्या टीपॉयवर काय आहे? सुरई, दोन पेले, मोगऱ्याची वाटी, एक ताडाचा पंखा, कारण आमच्याकडे वीज जाते. बाबांचा चष्मा, पेपर, गोळ्यांचा डबा. आठवड्यातून एकदा परडीत आंबे, ते तीन दिवसांवर टिकत नाहीत. बस. अर्ध्याहून जास्त टीपॉय रिकामा. सकाळी बाबा स्वतः सुरई भरतात, दुपारी एकदा परत भरतात. किती प्यायलं ते विचारावं लागत नाही, सुरईत दिसतं. मध्यंतरी तपासणी झाली, उभं राहिल्यावर आता बीपी तेवढं पडत नाही.

आणि हो, डाग पडला. पेल्याचा पांढरा गोल, बाबांच्या बाजूला. असा पांढरा डाग म्हणजे ओल पॉलिशमध्ये अडकलेली असते, लाकडात गेलेली नसते. कोरडं सुती फडकं ठेवून वरून कोमट इस्त्री हलकी फिरवली की बरेचदा निघतो. काळा डाग असेल तर तो लाकडापर्यंत पोचलेला, त्याला सुतारच हवा. माझा पांढरा आहे, निघेल. बाबा दोनदा म्हणाले, “इस्त्री दे, मी काढून देतो.” मी इस्त्री लपवून ठेवलीये.

मागून आवाज येतोय का तुम्हाला? सुरीचा? बाबा पेपर पसरून टीपॉयवरच कलिंगड कापतायत, डायरेक्ट, ताटही नाही घेतलं. आई ओरडतेय त्यांच्यावर. चला, मी जाते. पुढच्या भागात भेटू.