मण्यारीचा रुग्ण ऐकत असतो



आज आपण जमलो आहोत त्या महाडमध्येच राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपाय जगापुढे ठेवला. त्यामुळे विषबाधेवर बोलायला मुंबई-पुणं गाठावं लागत नाही, हे इथं वेगळं सांगायला नको. आणि हो, कुणी सर्पमित्राने पिशवीतून पाहुणा आणलेला नाही, याची खात्री मी करून घेतली आहे.

साप चावला म्हटलं की आपण जखम शोधतो. मण्यार तिथेच चकवते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री डसते आणि खूण बहुधा दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून घरचे ओवा चावायला देतात, उजाडेपर्यंत पापण्या मिटू लागतात. तिचं विष चेतातंतूंची टोकंच निकामी करतं. नागदंशात निओस्टिग्मिन हे औषध बऱ्याचदा हात देतं, इथं त्याचा भरवसा नाही. झालेलं नुकसान प्रतिविषानेही भरून येत नाही. टोकं नव्याने तयार होईपर्यंत, कधी दिवस, कधी आठवडे, श्वास व्हेंटिलेटरनेच द्यायचा.

या काळात बाहुल्या विस्फारलेल्या असतात, प्रकाशाला दाद देत नाहीत, बोटही हलत नाही. मेंदूमृत्यूच वाटावा. पण रुग्ण पूर्ण शुद्धीत असू शकतो. तेव्हा मण्यारीची शंका असेल तर मेंदूमृत्यूचा निष्कर्ष घाईने काढू नका, आणि ‘आता काही अर्थ नाही’ हे वाक्य त्याच्या उशाशी बोलू नका. तो ऐकत असतो.

घोणशीचा प्रकार निराळा. तिच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, म्हणून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पण कधी मेंदूची रक्तवाहिनी बंद पडून अर्धांगही होतो. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे पीयूषिका ग्रंथीला होणारी इजा. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी माणूस थकलेला, थंडी न सोसणारा असा येतो. दाढी विरळ झालेली असते. बाई असेल तर पाळी थांबलेली. आपण टॉनिक लिहून देतो! ‘पूर्वी साप चावला होता का?’ एवढं विचारलं, तर हार्मोनच्या गोळ्यांवर तो पुन्हा शेतात उभा राहू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आपल्या सरकारचा आराखडा 2024 मध्ये आला. चांगलं आहे. पण वाचलेल्यांच्या डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख कोण लिहिणार, यावर दुपारच्या सत्रात जरूर भांडा.

आता उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.