शाकाहार आणि वजनाचा काटा

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण कोणा आहारतज्ज्ञाने रुजविलेली नाही. ती घरोघरच्या अनुभवातून आली आहे. शाकाहारी माणसाचे वजन वाढत नाही, असा जो समज पुष्कळ सुशिक्षित घरांतून आढळतो, त्याला ही एक म्हण पुरेसे उत्तर आहे. साबुदाणा, बटाटा, साखर, तूप, वनस्पती तूप, मैदा हे सारे पदार्थ शाकाहारीच होत. आहारात मांस नाही, एवढ्यावरून त्यात काय आहे हे मुळीच समजत नाही.

उपवासाच्या थाळीचाच हिशेब पाहावा. पाऊण मूठ नव्हे, चांगली बशीभर खिचडी करावयाची तर सुमारे ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचे कूट, एखादा लहान बटाटा व तीन चहाचे चमचे तूप लागते. तिची ऊर्जा साडेपाचशे किलोकॅलरींच्या पुढे जाते. ज्वारीच्या दोन मध्यम भाकरी व वाटीभर मुगाची उसळ यांतूनही जवळपास तितकीच ऊर्जा मिळते. परंतु या जेवणातील प्रथिने खिचडीच्या अडीच-तीन पट असतात, आणि चोथाही भरपूर असतो. साबुदाणा म्हणजे बव्हंशी निव्वळ पिष्ट. दोन-अडीच तासांत पुन्हा भूक लागते, मग बटाट्याचा चिवडा येतो, केळ्याचे वेफर येतात आणि रात्री उपवास सोडताना गोडाचे ताट येते. उपवासामागील श्रद्धेविषयी येथे काहीही म्हणावयाचे नाही. मात्र वजन उतरावे म्हणून जे उपवास धरतात, त्यांनी हा हिशेब अवश्य मांडावा.

प्रश्न केवळ सणावारांचा नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुधारित आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार एकूण ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांपेक्षा अधिक वाटा तृणधान्यांचा असू नये. प्रत्यक्षात तो ५० ते ७० टक्के आढळतो. दोन हजार किलोकॅलरींच्या दैनंदिन आहारात २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध आणि २७ ग्रॅम तेल-तूप असावे, असे प्रमाण सुचविले आहे. मांसाहारी व्यक्तीने डाळींच्या वाट्यातील काही भाग अंडी, मासे वा मांस यांनी भरावा. शाकाहारी माणसाला तो डाळींनीच भरला पाहिजे.

हे आकडे किराण्याच्या यादीस लावले म्हणजे त्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. चार प्रौढ माणसांच्या घरात महिन्याला दहा किलो डाळी व कडधान्ये यावयास हवीत, आणि तेल-तूप मिळून साधारण साडेतीन लिटरच्या आत राहावे. किती घरांत याच्या उलट चित्र आहे, हे दुकानदाराला विचारावे! पातळ वरणाची अर्धी वाटी आणि भाताचा डोंगर, ही आपल्याकडील जेवणाची रीत पोट भरते; शरीरास हवे ते पुरेसे देत नाही. तेलाच्या एका ग्रॅमातून नऊ किलोकॅलरी मिळतात, पिष्ट वा प्रथिनांच्या एका ग्रॅमातून चार. फोडणीत ओघळलेले दोन जादा चमचे म्हणूनच पानात दिसत नाहीत, काट्यावर दिसतात.

यात धोका किती, हे पुण्यातील संशोधनाने जगापुढे आणले. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! भारतीय माणूस वरून सडपातळ दिसूनही आतून चरबीयुक्त असू शकतो, हा याचा इत्यर्थ. म्हणून काट्याबरोबर मोजपट्टीही हाती घ्यावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला, की मधुमेह व हृदयविकार यांचा संभव वाढतो, असे भारतीयांसाठी मानले जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील अतिरिक्त वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्के झाले. स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट कोणत्याही तक्त्यात येत नाही. पातेल्याच्या तळाशी उरलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, ‘वाया जाऊ नये’ म्हणून बहुधा गृहिणीच्या पोटात जाते, आणि उसळ मात्र तिच्यापर्यंत येईतो संपलेली असते. घरातील सर्वांची पाने एकाच वेळी वाढली गेली, तर पुष्कळ काम औषधावाचून होईल.

उपाय खर्चिक नाहीत. भात व पोळी दोन्ही न घेता एक घ्यावे, सुटलेली जागा मटकी, चवळी, हरभरा वा घट्ट वरणाने आणि कोशिंबिरीने भरावी. ज्वारी-बाजरी उत्तम, परंतु भाकरी हीदेखील तृणधान्यच आहे, तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवून वजन उतरत नसते. दिवसाकाठी चार कप चहातील दोन-दोन चमचे साखर सुमारे १६० किलोकॅलरी देते. ती निम्मी करण्यास डॉक्टरांचीही गरज नाही. ताक, दही, दूध मात्र सोडू नये. शाकाहारात ब-१२ जीवनसत्त्व मुख्यत्वे तेथूनच मिळते.

काकडी आणि लिंबूपाण्यावर आठवडे काढणाऱ्यांचे वजन उतरते खरे, पण त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आठवड्यास अर्धा किलो हा वेग पुरेसा समजावा, आणि रोजच्या चालण्याची त्यास जोड असावी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, तसेच मधुमेहाची औषधे घेणारे रुग्ण यांनी आहारात कपात किंवा उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.