पाइप थंड झाल्यावर तडकतो

हेडफोन नीट लावा, आज थोडं केमिस्ट्रीत शिरायचंय. घाबरू नका, बारावीला मलाही ती नकोशीच वाटायची.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एका रिफायनरीचं काम आलं. गरम वायूच्या स्टेनलेस पाइपांवर सेन्सर, आकडे स्क्रीनवर, मर्यादा ओलांडली की अलर्ट. मी कोडमध्ये एक साधी अट टाकली: प्लांट बंद, तर अलर्टही बंद. उगाच रात्री कोणाची झोप कशाला मोडायची? डेमोला तिथले इन्स्पेक्शनचे एक सर होते, निवृत्तीला आलेले. सगळं शांतपणे बघून म्हणाले, “छान केलंयस. पण माझा पाइप तडकतो ना, नेमकं तेव्हाच तुझं सॉफ्टवेअर झोपलेलं असतं.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. नव्हते करत.

बघा, ३०४ ग्रेडच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर बनतो. गंजापासून वाचवतो तो हाच. पण हे स्टील साधारण ४२५ ते ८१५ अंश सेल्सिअसमध्ये बराच वेळ राहिलं, की आतला कार्बन क्रोमियमला पकडतो आणि दोघांचं कार्बाइड धातूच्या कणांच्या सीमांवर जमतं. सीमेलगत क्रोमियम कमी पडतं. म्हणजे विटा शाबूत, पण सांधे पोकळ. याला सेन्सिटायझेशन म्हणतात. वेल्डिंगच्या शेजारच्या पट्ट्यातही हेच होतं. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो.

वायूत हायड्रोजन सल्फाइड असेल, तर आतून सल्फाइडचा थर बसतो. पाइप गरम आणि कोरडा आहे तोवर त्यातून भेगा पडत नाहीत. मग शटडाउन येतो. पाइप थंड होतो, ओलावा जमतो, फ्लँज उघडली की हवा शिरते. सल्फाइड, पाणी आणि ऑक्सिजन मिळून पॉलिथायोनिक अ‍ॅसिड तयार होतं, आणि ते त्या पोकळ सांध्यांतूनच आत घुसतं. वेल्डजवळ ताण अडकून पडलेला असतोच. काही तासांतही भेग पडू शकते. प्लांट सुरू झाला, दाब चढला की गळती. आणि आत काय, तर पेटणारा वायू.

यावर उपाय आहेत. ३२१ ग्रेडमध्ये टायटॅनियम असतं, ३४७ मध्ये नायोबियम. कार्बन क्रोमियमऐवजी त्यांना जाऊन चिकटतो. ३०४ एल मध्ये कार्बनच कमी, ०.०३ टक्क्यांपर्यंत. वेल्डिंगपुरतं ते ठीक, पण वर्षानुवर्षं त्या तापमानात राहणार असेल तर त्याच्या भरवशावर राहू नये. शटडाउनमध्ये आत नायट्रोजन भरून ठेवतात, किंवा उघडण्याआधी पाइप सोडा अ‍ॅशच्या पाण्याने धुतात. हो, आजीचा धुण्याचा सोडा, तेच सोडियम कार्बोनेट! मात्र पाण्यात क्लोराइड कमी हवं, कारण क्लोराइडनेही हेच स्टील तडकतं. समुद्राकाठच्या प्लांटमध्ये खारा ओलावा इन्सुलेशनखाली मुरून तसं होतं, पण तो वेगळ्या एपिसोडचा विषय.

मी अट उलटी केली. तापमान उतरायला लागलं की सिस्टीम विचारते: नायट्रोजन सुरू आहे का? सोडा वॉश झाला का? पुढच्या शटडाउनला पहिला अलर्ट पहाटे तीनला गेला. सकाळी सरांचा मेसेज: “नायट्रोजनचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा होता. आता झोपतो.”

भेटू पुढच्या रविवारी.