जीपगाडीचें पाणी

मोटारीच्या इंजिनाविषयीं एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्यानें आयुष्यभर मुलांना उष्णतेचे धडे शिकविले त्याला हा विषय अगदींच परका नाहीं. शिवाय माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें तालुक्याच्या गांवीं मोटारदुरुस्तीचें दुकान आहे, आणि सेवानिवृत्त झाल्यापासून माझी दुपार बहुधा त्याच्या बांकावर जाते. जीं तत्त्वें मीं फळ्यावर खडूनें मांडलीं, तीं तेथें पाना आणि पकड यांच्या संगतींत प्रत्यक्ष दिसतात. त्यांपैकीं एकच गोष्ट आज सांगावयाची आहे. डोंगरांत चालणाऱ्या जीपगाडीचा रेडिएटर बदलावा लागला, तर त्याबरोबर तिच्या पाण्याचे सर्व मार्ग धुऊन काढणें कां अवश्य आहे, आणि तें कोणत्या क्रमानें करावें, ही ती गोष्ट होय.

जीप ही मूळची युद्धासाठीं जन्मास आलेली गाडी. १९४१ पासून अमेरिकेंत ती मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागली, आणि दुसरें महायुद्ध संपेपर्यंत विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईंतहि तिचे सुटे भाग जोडून गाड्या तयार होऊं लागल्या. आज तिचीं धाकटीं भावंडें अधिक ऐटबाज आहेत, आणि सुटी लागली कीं त्यांत बसून घाटमाथा गांठणारीं शहरी कुटुंबें पुष्कळ आहेत. तथापि त्या गाड्यांच्या पोटांतील पाण्याची व्यवस्था तत्त्वतः जुन्या जीपसारखीच आहे.

ती व्यवस्था अशी. इंधन जळून जी उष्णता निर्माण होते तिचा सुमारें एक तृतीयांश भाग पाण्याला वाहून न्यावा लागतो. इंजिनाच्या लोखंडांत पाण्यासाठीं पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. पंप रेडिएटरच्या तळचें थंड पाणी त्या वाटांत ढकलतो. तें तापून वर येतें आणि वरच्या रबरी नळींतून पुन्हां रेडिएटरच्या माथ्यावर पडतें. तेथून बारीक नळ्यांतून खालीं उतरतांना तें आपली उष्णता हवेला देतें. नळ्या जितक्या बारीक आणि पुष्कळ, तितका पाण्याचा व हवेचा संबंध अधिक. १९०० सालीं जर्मनींत विल्हेल्म मायबाख यानें मर्सिडीज गाडीसाठीं जो रेडिएटर योजिला त्यांत ८,०७० बारीक नळ्या होत्या. या बारीकपणांतच रेडिएटरचें सामर्थ्य आहे, आणि त्यांतच त्याचें दुखणेंहि आहे. कारण जी वाट बारीक, ती लवकर तुंबते.

सपाट सडकेवर भरधाव जाणाऱ्या गाडीला वारा आपण होऊन मिळतो. डोंगरांतील जीप पहिल्या गिअरांत गोगलगायीच्या गतीनें चढत असते. इंजिन घशाच्या शिरा ताणून ओरडत असतें, पण समोरून वारा नाहीं. भिस्त एकट्या पंख्यावर. त्यांत ओढ्याचा चिखल आणि गवताचें कुसळ रेडिएटरच्या जाळींत जाऊन बसतें. शिवाय जसजसें वर जावें तसतसें पाणी कमी उष्णतेवर उकळतें. समुद्रकांठीं तें १०० अंश सेंटिग्रेडवर उकळतें, महाबळेश्वरास सुमारें ९५ अंशांवर, आणि लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणीं सुमारें ८८ अंशांवर. म्हणून रेडिएटरच्या झांकणाला स्प्रिंग बसवून पाणी दाबाखालीं ठेवितात. चौरस इंचावर १५ पौंड जादा दाब असेल तर समुद्रसपाटीवर साधें पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. आपल्या स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरचें तत्त्व हेंच.

आतां दुखण्याचें मूळ पाहूं. आपल्याकडील पुष्कळ विहिरींच्या पाण्यांत क्षार असतात. अशा पाण्यांत साबणाचा फेंस होत नाहीं, डाळ शिजत नाहीं. ज्यांच्या घरीं न्हाणीघरांत तांब्याचा बंब होता त्यांना त्याच्या आंतील पांढरें, खरबरीत कीट आठवत असेल. तें कीट सांचलें म्हणजे लांकडें दुप्पट जाळलीं तरी पाणी लवकर तापत नसे. तेंच कीट इंजिनाच्या आंत धरतें, आणि लोखंडाची उष्णता पाण्याला मिळूं देत नाहीं. त्यांत लोखंडाचा तांबडा गंज मिसळतो, आणि तो गाळ रेडिएटरच्या नळ्यांच्या तोंडाशीं जाऊन बसतो. वाटेंत रेडिएटर गळूं लागला तर त्यांत मूठभर हळद टाकण्याची युक्ति चालकांना माहीत असते. हळद जखमेवर गुणकारी खरी; येथें ती भोंकाबरोबर चांगल्या नळ्याहि बुजविते. घरीं पोंचेपुरतीच तिची सोबत चांगली.

यावरून एक गोष्ट ध्यानीं येईल. रेडिएटर तुंबला हें लक्षण आहे. रोग इंजिनाच्या पोटांत आहे. नुसता रेडिएटर बदलणें म्हणजे तापलेल्या कपाळावरील घडी बदलण्यासारखें होय. गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं डोंगराच्या कुशींतील एका वाडीची जीप या दुकानांत दोरानें ओढून आणिली. त्या वाडींत दुसरें वाहन नाहीं. आजारी माणूस खालीं न्यावयाचा तर हीच गाडी. दीड महिन्यापूर्वीं दुसऱ्या एका ठिकाणीं तिला नवा कोरा रेडिएटर बसविला होता, परंतु दोन तासांचा वेळ वांचविण्यासाठीं धुलाई टाळली होती. सर्प चावलेल्या एका मुलाला घेऊन जातांना मधल्या चढावर तिनें वाफ सोडली. दैव बरें, म्हणून मागून दुधाची गाडी आली आणि मुलगा वेळेवर रुग्णालयांत पोंचला. रेडिएटर उघडून पाहिला तेव्हां नव्या नळ्यांच्या तोंडांशीं जुनाच तांबडा गाळ खच्चून भरलेला होता.

आतां कामाचा क्रम सांगतों. प्रथम दोष रेडिएटरचाच आहे ना, याची खात्री करावी. पंख्याचा पट्टा सैल झाला, पाण्याचा पंप झिजला, झांकणाचें रबर फाटलें किंवा थर्मोस्टॅट मिटलेलाच राहिला, तरी गाडी तापते. पाण्यांत सारखे बुडबुडे येत असतील किंवा इंजिनाचें तेल दुधाळ झालें असेल, तर दुखणें हेड गॅस्केटचें असण्याचा संभव आहे. तेथें नवा रेडिएटर व्यर्थ. पुष्कळदां तर बाहेरील जाळींतील चिखल इंजिनाच्या बाजूनें पाण्याची बेताची धार मारून काढला, एवढ्यानेंच काम भागतें.

दुसरी गोष्ट धीराची. इंजिन गरम असतांना झांकण कधींहि उघडूं नये. दाब निघून जातांच शंभर अंशांवर तापलेलें पाणी एका क्षणांत वाफ होऊन उसळतें. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५४० कॅलरी उष्णता लागते, आणि वाफ कातडीवर थिजतांना ती सर्व उष्णता हाताला व तोंडाला देते. म्हणून वाफेची भाज पाण्याच्या भाजण्याहून वाईट. रेडिएटरवर उघडा तळहात सुखानें टेकवितां येईल इतका वेळ थांबावें. नव्या गाड्यांतील विजेचा पंखा इंजिन बंद असतांहि अवचित सुरू होऊं शकतो, म्हणून बॅटरीची तार सोडून ठेवावी आणि चाकांना उटी लावावी.

तिसरी गोष्ट क्रमाची, आणि आजच्या भाषणाचें सारें मर्म तींत आहे. जुना रेडिएटर काढण्यापूर्वींच धुलाईस आरंभ करावा. निरुपयोगी झालेल्या भांड्यानेंच शेवटची घाण सोसावी, नव्यानें नव्हे. जुनें पाणी टबांत काढून घ्यावें. जुन्या जीपला पाणी सोडण्याचे नळ दोन असतात. एक रेडिएटरच्या तळाशीं, दुसरा इंजिनाच्या कुशीस. हा दुसरा नळ पुष्कळ जण विसरतात, आणि सर्वांत जाड गाळ तेथेंच बसलेला असतो. मग बाजारांत मिळणारें धुलाईचें औषध पाण्यांत घालून, डब्यावर लिहिलें असेल तितकाच वेळ इंजिन चालवावें आणि गाडी पुन्हां निवूं द्यावी. गरम लोखंडावर थंड पाणी ओतलें तर तडा जाण्याचें भय असतें.

तें पाणी काढल्यावर जुना रेडिएटर आणि थर्मोस्टॅट सोडवावा, आणि बागेच्या नळीनें इंजिनांत उलट्या दिशेनें पाणी सोडावें. म्हणजे नेहमीं जेथून पाणी बाहेर पडतें त्या वरच्या तोंडांतून आंत, आणि खालच्या तोंडांतून बाहेर. प्रवाहाच्या दिशेनें अडकून बसलेला खडा मागें लोटला तरच सुटतो. पहिलें पाणी विटेच्या रंगाचें येईल, मग चहासारखें, मग फिकट. अगदीं स्वच्छ येईपर्यंत नळ बंद करूं नये. गाडींत हवा तापविण्याची सोय असेल तर तिच्या नळ्या निराळ्या धुवाव्या.

नवा रेडिएटर जुन्याशेजारीं उभा करून त्याचीं भोंकें, तोंडें व जाडी ताडून पाहावी. रबरी नळ्या दाबून पाहाव्या. कडक किंवा चिरलेल्या असल्यास त्या आणि त्यांच्या क्लिपा नव्याच घालाव्या. येथें खडबडीत वाटेवरील गाडीची एक विशेष गोष्ट आहे. खांचखळग्यांत तिची चौकट पिळवटते. रेडिएटर त्या चौकटीला नुसता आवळून टाकला तर तो पीळ त्याच्या सांध्यांवर येतो आणि डाख उघडतो. म्हणून त्याखालील रबराच्या गाद्या नव्या बसवाव्या, आणि बोल्ट मर्यादेनेंच कसावे.

भरतांना विहिरीचें पाणी नको. ऊर्ध्वपातित पाणी आणि निर्मात्यानें सांगितलेलें कूलंट, बहुधा निम्मेनिम्म प्रमाणांत, वापरावें. असें मिश्रण सुमारें उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाहीं, हें हिमालयांत जाणाऱ्यांस उपयोगी. आपल्याकडे त्याचा मोठा गुण म्हणजे तें गंज धरूं देत नाहीं. नुसत्या रंगावरून दोन जातींचीं कूलंटें एकत्र करूं नयेत. गाडीचें तोंड किंचित् चढावर ठेवून हळूहळू ओतावें, म्हणजे आंतील हवा वर येऊन निघून जाते. मग झांकण न लावतां इंजिन चालवावें. थर्मोस्टॅट उघडला कीं पातळी एकदम खालीं जाते. तेवढी भर घालून झांकण लावावें. हवेचा फुगा आंत राहिला तर तेथील लोखंड कोरडें तापतें, आणि उष्णतामापकाचा कांटा मात्र कधीं कधीं शांत दिसतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, गाडी पूर्ण थंड असतांना, पातळी पुन्हां पाहावी.

शेवटीं टबांतील जुन्या पाण्याविषयीं दोन शब्द, विशेषतः घरांतील भगिनींसाठीं आणि मुलांसाठीं. कूलंटांतील एथिलीन ग्लायकॉल हें चवीला गोड पण भयंकर विष आहे. अंगणांत उघडें ठेविलें तर कुत्रा चाटतो, वासरूं पितें, लहान मूल बोट बुडवितें. तें गटारांत, शेतांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये. घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून, डब्यावर ठळक अक्षरांनीं नांव घालून, अशा टाकाऊ द्रव्यांची रीतसर व्यवस्था करणाऱ्यांच्या स्वाधीन करावें.

श्रोतेहो, दुरुस्तीसाठीं गाडी दिलीत म्हणजे आपण किती पैसे पडले हें अवश्य विचारतां. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारीत जा: "इंजिनांतून शेवटीं निघालेलें पाणी कोणत्या रंगाचें होतें?" ज्या मिस्त्रीनें तें पाहिलें असेल तो विनासंकोच सांगेल, आणि ज्याला सांगतां येणार नाहीं त्याच्या हातचा नवा रेडिएटर घेऊन घाट चढण्याची घाई करूं नका.