मद्याची तीव्रता : गोठविलेली बिअर आणि परभणीची शिंदी

मद्यपानाच्या चर्चेंत "प्यावें कीं न प्यावें" हा प्रश्न नेहमींचाच आहे. "पेल्यांत आहे तरी काय आणि किती" हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. युरोपांत निघालेल्या अतितीव्र बिअरनें हा दुसरा प्रश्न चव्हाट्यावर आणला. त्या वादाची हकीकत कांहींशी गमतीची असली, तरी तिच्यांतून निघणारा विचार परभणीसारख्या उष्ण जिल्ह्यालाहि लागू पडणारा आहे.

आंबविण्याची क्रिया सूक्ष्म जीव करतात. ते साखर खाऊन मद्यार्क निर्माण करतात आणि मद्यार्काचें प्रमाण वाढलें कीं त्यांतच निकामी होतात. त्यामुळें नुसत्या आंबविण्यानें मद्याची तीव्रता एका मर्यादेपुढें जात नाहीं. ती वाढवावयाची तर पाणी आणि मद्यार्क यांची फारकत करावी लागते. तिचे मार्ग दोन. एक उष्णतेचा, म्हणजे भट्टीचा : मद्यार्काची वाफ पाण्याच्या आधीं होते. दुसरा थंडीचा : पाणी शून्य अंशावर गोठतें, शुद्ध मद्यार्काला त्यासाठीं उणें ११४ अंश लागतात. बिअर गोठवून वर आलेला बर्फ काढून टाकला, कीं उरलेला रस तीव्र होतो. जर्मनींत या पद्धतीच्या बिअरला 'आइसबॉक' म्हणतात, आणि तिच्या जन्माचें श्रेय कुल्मबाख या गांवाला दिलें जातें. अमेरिकेच्या ईशान्य भागांतील जुने शेतकरी सफरचंदाचा आंबलेला रस हिवाळ्यांत उघड्यावर ठेवून हेंच साधीत असत.

या जुन्या युक्तीला चढाओढीचें रूप आलें तें २००९ सालीं. स्कॉटलंडमधील 'ब्र्यूडॉग' या कारखान्यानें शेंकडा ३२ मद्यार्काची बिअर काढली. बव्हेरियांतील 'शोर्शब्रॉय'नें शेंकडा ४० चें उत्तर दिलें. २०१० सालीं स्कॉटलंडहून ४१ आलें, बव्हेरियाहून ४३. आणि मग ५५ टक्क्यांच्या थोड्याशा बाटल्या चक्क मेलेल्या खारींच्या व इतर लहान जनावरांच्या पेंढा भरलेल्या कातड्यांत बसवून भारी किंमतीला विकल्या गेल्या. पुढें बव्हेरियाच्या कारखान्यानें ५७ चा आंकडा गांठला.

टीकाकार म्हणाले कीं, ही लोकांची दिशाभूल आहे. बिअर म्हटली कीं मनुष्य ती पेला भरून पितो. ३३० मिलिलिटरच्या साध्या, ५ टक्क्यांच्या बाटलींत साडेसोळा मिलिलिटर मद्यार्क असतो. ३२ टक्क्यांच्या तेवढ्याच बाटलींत तो एकशें पांचांवर जातो. नांव तेंच, परंतु मात्रा सहापटींहून अधिक! कारखानदारांचें उत्तर असें, कीं एवढ्या महाग वस्तूचा कोणी रतीब लावीत नाहीं; ती घोट घोट चाखावयाची असते, आणि समाजाचें नुकसान स्वस्त व मुबलक दारू करते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु कायद्याचा प्रश्न निराळाच : हिला बिअर म्हणावें काय? अमेरिकन सरकारनें १९९४ सालीं ठरविलें, कीं बर्फ अगदीं थोडा काढला तर ती बिअर. त्यापुढें तें दारू गाळणेंच होय. भारतांत २०१८ च्या अन्नसुरक्षा-नियमांनीं बिअरची सीमा शेंकडा ८ वर आणून ठेवली आहे. ५ पर्यंत सौम्य, त्यापुढें तीव्र. आपल्याकडील व्हिस्की सामान्यतः ४२.८ टक्क्यांची असते. तेव्हां बव्हेरियाची ती 'बिअर' व्हिस्कीलाहि मागें टाकणारी झाली.

परभणीला अशी बिअर निसर्ग करूं देणार नाहीं. येथें उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांपुढें जातो. हिवाळ्यांत तो कधीं कधीं पांच अंशांखालीं उतरला, तरी मद्याचे घडे कांहीं गोठत नाहींत. या मुलखाचें जुनें पेय म्हणजे शिंदी. पहांटे झाडावरून उतरविलेला रस गोड नीरा असतो. ऊन चढलें कीं तो आंबूं लागतो, आणि तरीहि त्याची तीव्रता बिअरच्या आसपासच राहते. निजामी अमदानींत अबकारी हें सरकारच्या उत्पन्नाचें मोठें साधन होतें. म्हणूनच १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामांत शिंदीचीं झाडें तोडणें हा सत्याग्रहाचा एक प्रकार ठरला. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा पुढें येथेंहि लागू झाला. मद्यपानास परवाना लागतो तो त्याच कायद्यानें.

परंतु झाड सौम्य असलें तरी माणसाचा लोभ सौम्य नसतो. पाणी घातलेल्या ताडी-शिंदीला नशा यावी म्हणून तींत क्लोरल हायड्रेटसारखें विषारी द्रव्य मिसळलें जातें. काळा गूळ व नवसागर यांपासून निघणाऱ्या हातभट्टीच्या दारूची तीव्रता तर दर घाण्याला निराळी. ती पिणाऱ्यास ठाऊक नसते आणि विकणाऱ्यासहि नसते. २०१५ सालीं मुंबईंत मालवणी येथें मिथेनॉलमिश्रित दारूनें शंभरांहून अधिक माणसें मेलीं. मोंढ्यावर दिवसभर पोतीं वाहून संध्याकाळीं पेला विकत घेणाऱ्या हमालाला आज पोटांत काय गेलें हें कळण्याचा मार्गच नसतो. स्कॉटलंडच्या त्या विचित्र बाटलीवर निदान आंकडा तरी छापलेला होता!

महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं बिअरवरील शुल्काचा विचार करण्यासाठीं समिती नेमली, तेव्हां कारखानदारांचें म्हणणें असें, कीं मद्यार्काच्या प्रमाणांत पाहतां बिअरवरचा कर जड आहे आणि त्यामुळें गिऱ्हाईक कडक दारूकडे वळतें. विरोधक म्हणाले, स्वस्त बिअर ही तरुणांची पहिली पायरी होईल. तीव्रतेच्या मानानें कर असावा हें तत्त्व न्याय्यच आहे. पण सौम्य पेय स्वस्त झालें म्हणून घरांतील दारू कमी होईलच, असें मात्र कोणी छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. गांवोगांवच्या ज्या स्त्रियांनीं 'आडव्या बाटली'ला मत देऊन दुकानें बंद पाडलीं, त्यांनीं शेंकडा प्रमाण विचारलें नाहीं. त्यांच्यापुढें रिकामी झालेली रोजी होती.

सुशिक्षित घरांनींहि एक हिशेब एकदां करून पाहण्यासारखा आहे. "बिअर म्हणजे कांहीं दारू नव्हे" हें वाक्य त्या घरांत सहज ऐकूं येतें. ६५० मिलिलिटरच्या ८ टक्क्यांच्या बाटलींत ५२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. ९० मिलिलिटर व्हिस्कींत तो अडतीस-एकोणचाळीसच भरतो. म्हणजे ज्या बाटलीला निरुपद्रवी समजून मुलांच्या हातीं जाऊं दिलें जातें, ती व्हिस्कीच्या त्या मापाहून जड आहे. पेयाचें नांव काय, तें थंडीनें काढलें कीं भट्टीनें, हें जिभेपुरतें ठीक. यकृत मात्र केवळ मद्यार्क मोजतें. तेव्हां तीव्रतेचा आंकडा प्रत्येक बाटलीवर ठळकपणें असावा, तो वाचण्याची संवय घरांत असावी, आणि ज्या पेल्याला आंकडाच नाहीं तो ओंठाला लागूं नये, एवढें तरी या साऱ्या वादांतून पदरांत पाडून घ्यावयास हवें.